माया नको, मजुरी बोला!

परवा घरातून निघाले ती फक्त नवी पेठेत जाऊन कापड आणायला. "तासाभरात येते, आल्यावर भाजी टाकते," असं ह्यांना सांगून गेले आणि परत आले ती संध्याकाळी साडेसातला. चपलांवर बोटभर धूळ, पिशवीत हुरडा आणि डोक्यात राग. हुरडा दुसऱ्या दिवशी संपला. राग अजून आहे, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की पुण्याच्या माझ्या भाचीच्या मुलीला बाळ व्हायचंय. भाचीचा फोन आला, "मावशी, मला बाळासाठी आपली पारंपरिक गोधडी हवीय. हातानं शिवलेली. मोठी कर, म्हणजे शाळेत जाईपर्यंत पुरेल. सोलापूरहून चांगलं सुती कापड घे आणि एखादी बाई बघ." मला आनंदच झाला. आजकालच्या मुलींना गोधडी हवीशी वाटते, हे काय थोडं आहे?

नवी पेठेत एका दुकानात शिरले. गोधडीला सुतीच कापड लागतं, हे ज्यांनी कधी गोधडी शिवली त्यांना सांगायला नको. पॉलिएस्टरवर सुई सरकते, थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही आणि दोन धुण्यांत टाके सैल होतात. माझ्या आईच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. घरात लुगडी सुती, धोतरं सुती, परकर सुती. आता जुन्या साड्यांचा ढीग काढला तरी त्यात गोधडीच्या कामाची एखादीच निघते. म्हणून नवीन कापड विकत घ्यायची वेळ!

दुकानदार "प्युअर कॉटन, प्युअर कॉटन" म्हणत ठाण उलगडत होता. मी दोन सुतं काढून द्यायला सांगितली आणि काडेपेटी मागितली. सुती धागा जळला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख भुरभुरीत पडते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. पहिल्या तिन्ही ठाणांची गोळी झाली. :) तेवढ्यात आतून आवाज आला, "बाई, अजून तशाच आहात की तुम्ही!" माझाच जुना विद्यार्थी. आता डोक्यावर माझ्याइतकेच पांढरे केस, तिथं माल पोचवायचं काम करतो. त्यानं खरं सुती ठाण काढून दिलं. मीटरला १४० रुपये, आठ मीटर, ११२० झाले. वर पाटी होती, 'एकच भाव'. मी मुकाट्यानं पैसे दिले. ही पाटी लक्षात ठेवा, पुढं तिच्याकडे परत यायचंय.

"शिवणार कोण?" त्यानं विचारलं. म्हटलं, तेच शोधतेय. "मग चला की बाई! माझ्या आजोळी बायका कौद्या शिवतात. मी आत्ता माल घेऊन मंद्रूपकडेच निघालोय." (आमच्या भागात कानडीच्या शेजारामुळं गोधडीला कौदीही म्हणतात, काही घरांत वाकळ म्हणतात.) वयाच्या ह्या टप्प्यावर असं "चला की" कोण म्हणतं? बसले त्याच्या टेम्पोत, पुढच्या सीटवर, मांडीवर आठ मीटर कापड घेऊन.

विजापूर नाका मागं पडला. वडकबाळला सीना ओलांडली. जानेवारी अखेरीचं ऊन, दोन्ही बाजूला ज्वारी कणसाला आलेली, मध्येच ऊस, मध्येच द्राक्षाच्या बागा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकती झाली होती, त्यामुळं त्याच्या गप्पा. मंद्रूपला त्यानं माल उतरवला आणि मग आतल्या रस्त्याला लागलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायकांनीच नको म्हणून सांगितलंय. कारण पुढं कळेल.

गावात एका घराच्या सोप्यात तिघी जणी बसल्या होत्या. कौदी जमिनीवर पसरलेली, चार कोपऱ्यांवर चार दगड. आधी कच्चे टाके घालून थर धरायचे, मग काठाकडून सुरुवात करून चौकटीत फिरत फिरत आत मध्यापर्यंत धावदोरा घालत जायचं. एका ओळीपासून दुसरी ओळ बोटाच्या अंतरावर. ना खडूची रेघ, ना पट्टी. तरी ओळ वाकडी नाही.

तिघींत थोरली होती तिला सगळे अक्का म्हणत होते. मी कापड दाखवलं, माप सांगितलं, सहा फूट बाय चार फूट, आणि विचारलं, "अक्का, काय घ्याल?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. सुई चालूच. "तुमी द्याल ते द्या की बाई."

हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलंय. मोलकरणीकडून, सुईणीकडून, पापड लाटणाऱ्या बायकांकडून. कपड्याच्या दुकानदाराकडून मात्र एकदाही ऐकलं नाही. मी जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं, की एवढ्या मापाला ७०० रुपये मिळतात. पुण्या-मुंबईची माणसं गाडीतून येतात, फोटो काढतात, "किती छान, अगदी आजीची आठवण आली" म्हणतात आणि ७०० चे ६०० करून घेऊन जातात.

मी गणिताची बाई नव्हे, मराठी शिकवलं. पण घड्याळ लावून बसले. अक्कांना सहा फुटांची एक ओळ घालायला पंचवीस मिनिटं लागली. चार फूट म्हणजे ४८ इंच. पाऊण इंचाला एक ओळ धरली तर ६४ ओळी. (चौकटीत फिरत गेलं तरी दोऱ्याची एकूण लांबी तेवढीच भरते.) ६४ गुणिले २५ मिनिटं म्हणजे साडेसव्वीस तासांहून जास्त. शिवाय कापड कापणं, ठिगळं जोडणं, थर पसरणं, कच्चे टाके, काठ, ह्याचे तिघींनी मिळून सांगितलेले दहा तास. एकूण ३७ तास. टाके मोजले, इंचाला चार पडत होते. म्हणजे एका कौदीत अठरा हजारांच्या वर टाके!

३७ तासांचे ७०० रुपये. तासाला १९ सुद्धा नाहीत.

"आणि खुरपणीला काय मिळतं?"

"तीनशे. आठ तासाला."

म्हणजे तासाला साडेसदतीस. मंडळी, जे काम सगळ्यांना येतं त्याचे साडेसदतीस, आणि जे येणाऱ्या बायका गावात आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत त्याचे निम्मे! ह्या निम्म्या पैशांची भरपाई आपण कशानं करतो? 'माया' ह्या शब्दानं.

आता मी जे लिहिणार आहे त्याचा काही जणांना राग येईल. येऊ दे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी गोधडीवर लिहिलंय. मीही पूर्वी लिहिलंय. त्या सगळ्या लेखांत काय असतं? आईच्या हातांची ऊब, आजीच्या लुगड्याचा वास, एकेका टाक्यात गुंफलेलं वात्सल्य. खोटं नाही ते. आपल्या आईनं आपल्यासाठी शिवली तेव्हा ती मायाच होती. पण दुसऱ्याच्या आईनं पैशांसाठी शिवली, की ते काम झालं. कामाला माया म्हटलं की त्याचे पैसे मागायची तिला लाज वाटते आणि कमी द्यायची आपल्याला वाटत नाही. एवढाच त्या शब्दाचा उपयोग उरलाय. अक्कांची माझ्या भाचीच्या नातवंडावर कसली आलीय माया? तिनं ते बाळ कधी बघायचंही नाहीये.

त्या तिघींतली धाकटी लग्नाआधी सोलापुरात आईबरोबर बिड्या वळायची. ती पटकन बोलून गेली, "बाई, बिडीला हजारी असतीया. हिला कसली हजारी?"

मी गप्पच झाले. आपण सोलापूरकर रोज हे बघतो. बिडी कामगार बायका कंपनीतून पानं-तंबाखू घेतात, घरी बसून बिड्या वळतात आणि मोजून देतात. हजार बिड्यांना इतके, असा दर असतो. १९६६ साली बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. मजुरीसाठी त्यांना आजही झगडावं लागतं, मोर्चे काढावे लागतात, ते सुख काही नाही. पण झगडायला एक आकडा तरी आहे! त्याच बायकांनी संघटना केली आणि कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग घरं द्यायला आले होते. बिडी ही आरोग्याला वाईट वस्तू, तरी तिचा हजाराचा दर ठरतो. आणि अठरा हजार टाक्यांची कौदी, जिनं कुणाचं वाईट केलं नाही, तिला "तुम्ही द्याल ते".

आपलं गावच कापडाचं. १८७७ साली इथं जुनी गिरणी निघाली. पुढं आणखी गिरण्या आल्या, पूर्व भागात मागावर चादरी विणल्या गेल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. मजुरी, बोनस, महागाई भत्ता हे शब्द ह्या गावाला कुणी शिकवावे लागले नाहीत. पण ते गिरणीच्या भोंग्याबरोबर पुरुषांच्या मागं गेले. घरच्या सोप्यातल्या सुईपर्यंत पोचलेच नाहीत.

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यानपिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, नंतर न्यूयॉर्कला. लोकांनी त्यांना थोर चित्रकारांच्या शेजारी बसवलं. २००६ मध्ये त्या गोधड्यांची टपाल तिकिटंही निघाली. आणि २००७ मध्ये त्यांतल्याच काही जणी आपल्याला योग्य पैसे मिळाले नाहीत म्हणून कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे मिटले. कोण बरोबर, कोण चूक हे मी सांगू शकत नाही. पण भिंतीवर टांगून टाळ्या वाजवल्या म्हणजे हिशेब मिटतो असं नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

आता माझं स्वतःचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंनी परत खडू हातात घेतला.

१९७७ च्या डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा संप सुरू झाला. ५४ दिवस चालला. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. भत्त्यासाठी घोषणा दिल्या, घसा बसवून घेतला. संप मिटला, पुढं यथावकाश पगारही वाढले. आणि नंतर काही वर्षांनी आमच्या घरी एक म्हातारी गोधड्या शिवायला यायची. आठ-आठ दिवस ओसरीत बसून शिवायची. तिनं गोधडीमागं पाच रुपये वाढवून मागितले. मी नाही म्हटलं! "दुपारचं जेवण देतो, चहा देतो, जुनं पातळ देतो," असं वर ऐकवलं. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी आली नाही. आम्ही म्हटलं, "माणसं बदलली हो!" माणसं नव्हती बदलली. हक्काच्या घोषणा देणारी बाई घरात आल्यावर मालकीण झाली होती.

म्हणूनच असेल, मी त्या सोप्यात एकदम म्हणाले, "अक्का, मी दोन हजार देते."

मला वाटलं, खूश होतील. अक्कांनी सुई कापडात खोचून ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "बाई, तुमी एकदा द्याल. रोज कोन देनार? उद्या गावात म्हनतील, हिनं भाव चढवला, आनि ते गाडीवाले दुसऱ्या गावाला जातील."

चपराकच की! मी दान करायला निघाले होते आणि मला वाटत होतं मी न्याय करतेय. एकीला बक्षीस दिल्यानं माझ्या मनाला बरं वाटतं, एवढंच होतं. हवं असतं ते सगळ्यांना माहीत असलेला आणि सगळ्यांना मिळणारा दर.

मग चौघी बसलो. मी म्हटलं, फरशी बसवणारा दर कसा सांगतो? चौरस फुटावर. रंगारी? चौरस फुटावर. त्याला कुणी म्हणत नाही, "भिंतीवर काय माया आहे हो तुमची!" सहा बाय चार म्हणजे २४ चौरस फूट. खुरपणीच्या हजेरीनं ३७ तासांचे साधारण १३९० होतात. दोरा-सुईचे थोडे धरून फुटाला ६० रुपये धरले, तर १४४० होतात. अक्कांनी मनातल्या मनात हिशेब केला. "साठ. सांगायला सोपं हाय," म्हणाल्या. धाकटीनं भिंतीवर कोळशानं लिहिलं. गावाचं नाव मात्र नको म्हणाल्या. सगळ्या गावांत एकच भाव झाला की मग लिहा म्हणे.

परतताना ऊन उतरलं होतं. विद्यार्थी म्हणाला, "बाई, कुडल जवळच आहे, जाऊन येऊ या?" सीना-भीमेचा संगम, हत्तरसंग कुडल. तिथं मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा. वाचणाऱ्याचा विजय होवो, अशा अर्थाची त्याची अखेर आहे. नोकरीत असताना मी मुलांच्या कितीतरी सहली तिथं नेल्या. दगडावर बोट ठेवून, "ही बघा आपली मराठी" म्हणून सांगितलं. परवा तिथं उभी राहिले आणि आठवलं, की त्या सहलींत गाडी ह्याच गावांतून जायची. ओट्यांवर बायका शिवत बसलेल्या दिसायच्या आणि मी खिडकीतून दाखवायची, "मुलांनो, हे बघा ग्रामीण जीवन." अडलेली अक्षरं वाचायला शिकवली. समोर बसलेलं माणूस वाचायला मीच शिकले नव्हते.

असो. घरी येऊन भाचीला फोन केला. कापड ११२०, शिलाई १४४०, एकूण २५६०. कापडाच्या आकड्याला ती "ठीक आहे" म्हणाली. शिलाईच्या आकड्याला मात्र, "काय? १४४०? नुसत्या शिवायचे? मावशी, तुला फसवलं त्यांनी. त्या तर रिकाम्या वेळात करतात ना? आणि त्यांना आवड असते गं त्याची."

हे तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते. तीही वाचते, बाकीचे नातेवाईकही वाचतात.

रिकामा वेळ म्हणशील, तर शाळा सुटल्यावर शिकवण्या घेणारे शिक्षकही रिकाम्याच वेळात घेतात. त्यांची फी तू तुझ्या मुलीसाठी आगाऊ भरत होतीस. आवड म्हणशील, तर मला शिकवायची आवड होती, म्हणून कुणी माझा पगार निम्मा केला नाही. केला असता तर मी पुन्हा संपावर बसले असते. फसवलं म्हणशील, तर 'एकच भाव'ची पाटी लावून १४० नं कापड विकणाऱ्यानं मला फसवलं, असं तू म्हणाली नाहीस. कापसाच्या धाग्याचा भाव मान्य आणि तोच धागा सुईत ओवला की घासाघीस, हे कुठलं शास्त्र?

"ऑनलाइन मशीनची सातशेला मिळते," असंही ती म्हणाली. मिळते, बाई. जरूर घे. मशीनची गोधडी वाईट नसते, तीही ऊब देते, आणि ऐपत नसेल तर ७०० ची घेण्यात काही कमीपणा नाही. पण हातानं शिवलेलीच हवी, पारंपरिकच हवी, पाहुण्यांना दाखवायचीही आहे, आणि पैसे मशीनचे द्यायचेत, असं चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गोधडी विकत घेणार असाल तर आधी माप सांगा आणि फुटाचा दर विचारा. फुटाला साठ हा तळाचा भाव. बारीक टाका असेल, नक्षी असेल तर वर जा, खाली नको. दर ऐकून परवडत नसेल तर "परवडत नाही" म्हणा, "महाग आहे" म्हणू नका. आणि विकत घेतलेल्या गोधडीवर मायेचे लेख लिहू नका. लिहायचंच असेल तर किती फूट, किती तास आणि किती रुपये तेही खाली लिहा.

भाची चार दिवस बोलली नाही. काल तिचे पैसे आले, पूर्ण २५६०. खाली काही लिहिलं नव्हतं. मीही काही लिहिलं नाही.

ता.क. फुटाला साठ जास्त वाटत असतील त्यांनी घरातली दोन जुनी धोतरं आणि एक पातळ एकावर एक घालावं, मोठी सुई घ्यावी आणि सहा फुटांची एकच ओळ घालून बघावी. मी काल घातली. पंचावन्न मिनिटं लागली आणि ओळ वाकडी आली.